ओळखण्याचे रसायन : प्राणिवर्तन, संयुगे आणि कर्करोगोपचार

प्राणिवर्तन, रसायनशास्त्र आणि कर्करोगोपचार ही तीन क्षेत्रे विद्यापीठांच्या विभागरचनेत एकमेकांपासून दूर आहेत. त्यांची नियतकालिके वेगळी, प्रयोगाच्या रीती वेगळ्या आणि परिभाषाही वेगळी. तरीही गेल्या दोन-तीन दशकांत या क्षेत्रांत जे महत्त्वाचे काम झाले ते शेजारी ठेवून वाचले, तर त्या सर्वांच्या मुळाशी ओळखीचा प्रश्न असल्याचे दिसते. असंख्य सारख्या दिसणाऱ्या गोष्टींतून नेमकी हवी ती कशी ओळखली जाते, ही ओळख कशावर आधारलेली असते, ती केव्हा चुकते आणि चुकल्यास काय किंमत द्यावी लागते, हे मुंग्यांचा अभ्यासक विचारतो, नवी अभिक्रिया शोधणारा रसायनशास्त्रज्ञ विचारतो आणि गाठीवर औषध पोहोचवू पाहणारा वैद्यही विचारतो. कर्करोगाच्या उपचारात मारक शक्तीची उणीव फारशी कधी नव्हती. उणीव होती ती रोगट पेशी निरोगी पेशींतून निवडून काढण्याची. अलीकडची प्रगती जिथे झाली तिथे ती ओळख सुधारल्यामुळे झाली आणि जिथे ती अडली आहे तिथेही ती ओळखीपाशीच अडली आहे, असे या संशोधनाच्या आढाव्यातून दिसते.

कीटकांच्या समाजातील ओळख प्रामुख्याने रासायनिक असते. मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्या यांच्या शरीरावर मेणासारखा अतिशय पातळ थर असतो. शरीरातील पाणी उडून जाऊ न देणे हे त्या थराचे मूळ काम. पण तो ज्या लांब साखळीच्या हायड्रोकार्बनांनी, म्हणजे केवळ कार्बन आणि हायड्रोजन यांच्या अणूंनी बनलेल्या संयुगांनी, तयार होतो त्यांचे परस्परप्रमाण प्रत्येक वसाहतीत थोडे निराळे असते आणि मुंगी आपल्या शृंगिकांनी, म्हणजे डोक्यावरील मिशांसारख्या संवेदी अवयवांनी, ते प्रमाण वाचते. ही ओळख उपजत असते की संगतीने येते, या प्रश्नाचे एक सुरेख उत्तर भारतातून मिळाले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी द्वीपकल्पीय भारतात सर्वत्र आढळणाऱ्या रोपालिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीचा अनेक दशके अभ्यास केला आहे. कोषातून बाहेर पडताच पोळ्यापासून आणि बहिणींपासून दूर ठेवलेल्या माश्यांना आपल्या पोळ्यातील माशी आणि परकी माशी यांत भेद करता येत नाही, असे त्यांच्या गटाने १९८८ मध्ये दाखवले. म्हणजे अंगावरची खूण आणि दुसऱ्याच्या अंगावरची खूण पडताळण्याचा मनातला नमुना, या दोन्ही गोष्टी माशीला जन्मानंतर पोळ्याच्या सहवासात मिळतात. मानवी शरीरातील टी-पेशी, म्हणजे रोगजंतू किंवा रोगट पेशी हुडकणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, त्याही छातीतल्या थायमस नावाच्या ग्रंथीत काही काळ राहून शरीराच्या स्वतःच्या खुणा शिकतात आणि ज्या पेशी स्वतःवरच उठतात त्या बहुतांशी तिथेच नष्ट होतात. दोन्ही यंत्रणांची उत्क्रांती पूर्णपणे स्वतंत्र झाली आहे. आपलेपण शिकावे लागते, ही गोष्ट मात्र दोन्हींत समान आहे.

आफ्रिकेतील मेगापोनेरा ॲनालिस या मुंग्या वाळवीच्या वसाहतींवर हल्ले चढवतात आणि त्यात त्यांतील अनेक जखमी होतात. जखमी सोबतिणींना वारुळात परत आणून त्यांची शुश्रूषा केली जाते, हे आधीपासून ठाऊक होते. परंतु एरिक फ्रँक आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दाखवून दिले की या मुंग्या स्वच्छ जखम आणि जंतुसंसर्ग झालेली जखम यांत फरक करतात. संसर्ग झाल्यावर जखमी मुंगीच्या अंगावरील हायड्रोकार्बनांचे प्रमाण बदलते, त्या बदलावरून शुश्रूषा करणाऱ्या मुंग्यांना संसर्ग कळतो आणि मग त्या वक्षाच्या मागील बाजूस असलेल्या एका ग्रंथीतील स्राव जखमेवर लावतात. या स्रावात शंभराहून अधिक संयुगे आढळली असून त्यांतील अनेक जंतुनाशक आहेत. अशा उपचाराने संसर्गग्रस्त मुंग्यांचा मृत्युदर सुमारे ९० टक्क्यांनी खाली येतो. फ्लोरिडातील कॅम्पोनोटस फ्लोरिडॅनस या मुंग्यांकडे ती ग्रंथीच नाही. त्यांच्याविषयी याच संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेले निष्कर्ष अधिकच लक्षवेधी आहेत. या मुंग्या मांडीच्या भागाला जखम झालेला पाय मुळापासून कुरतडून तोडतात, पण जखम खालच्या भागाला असेल तर पाय न तोडता ती केवळ दीर्घकाळ चाटून स्वच्छ करतात. मांडीच्या जखमेत पाय तोडल्याने जगण्याचे प्रमाण ४० टक्क्यांच्या आतून ९० टक्क्यांच्या वर जाते आणि खालच्या जखमेत केवळ स्वच्छतेने ते १५ वरून ७५ टक्क्यांवर जाते. संशोधकांचे स्पष्टीकरण असे की मांडीतील स्नायूंना इजा झाल्याने शरीरद्रवाचा प्रवाह मंदावतो आणि पाय तोडण्यास लागणारा चाळीस मिनिटे किंवा त्याहून अधिक वेळ हाती राहतो. खालच्या भागात तसे स्नायू नसल्यामुळे जंतू त्याआधीच शरीरात पोहोचतात. मुंगी हा विचार करते असा याचा अर्थ काढण्याचे कारण नाही, परंतु जखमेची जागा आणि अवस्था ओळखून त्यानुसार उपचार बदलणे ही केवळ मानवी वैद्यकाची मिरास नाही, हे या कामाने निर्विवाद केले.

२०२४ मध्येच प्रसिद्ध झालेले सुमात्रातील निरीक्षण जगभर अधिक गाजले. राकुस नावाच्या नर ओरांगउटानने २०२२ च्या जूनमध्ये गालावरील जखमेवर फायब्रोरिया टिंक्टोरिया या वेलीची पाने चावून त्यांचा रस वारंवार लावला, पानांचा लगदा जखमेवर पसरला आणि काही दिवसांत जखम भरून आली. ही वेल गुळवेलीच्याच कुळातील असून तिच्यात दारुहळदीतील बर्बेरिनशी नाते सांगणारी जंतुनाशक अल्कलॉइडे, म्हणजे नायट्रोजनयुक्त वनस्पतिजन्य संयुगे, आहेत. निरीक्षण मोलाचे आहे, पण ते एका प्राण्याचे आणि एका जखमेचे आहे. पाने लावली नसती तर ती जखम भरली नसती असे त्यावरून सिद्ध होत नाही. मुंग्यांवरील कामात उपचार मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांची तुलना होती, म्हणून त्याचे शास्त्रीय वजन अधिक आहे. प्रसिद्धी आणि पुरावा यांचे प्रमाण अनेकदा उलटे असते, याचे हे ठळक उदाहरण मानावे लागेल.

प्राण्यांच्या गंधज्ञानाचा कर्करोगाच्या निदानासाठी उपयोग करण्याच्या प्रयत्नांकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. कर्कपेशींची चयापचय क्रिया निराळी असल्यामुळे त्यांच्यापासून बाहेर पडणाऱ्या बाष्पनशील संयुगांचे, म्हणजे सहज हवेत मिसळणाऱ्या रेणूंचे, मिश्रणही निराळे असते. एका कुत्रीने आपल्या मालकिणीच्या पायावरील एकाच डागाचा सतत वास घेतल्याने तो डाग त्वचेचा कर्करोग असल्याचे कळले, अशी नोंद १९८९ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात आली आणि तिथून या संशोधनाला चालना मिळाली. मूत्राशयाच्या कर्करोगाविषयी ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित चाचणीत सहा कुत्र्यांनी ५४ पैकी २२ वेळा, म्हणजे ४१ टक्के वेळा, सात नमुन्यांतून रुग्णाच्या लघवीचा नमुना अचूक निवडला. निव्वळ योगायोगाने हे प्रमाण १४ टक्के आले असते. फ्रान्समधील संशोधकांनी २०२२ मध्ये फॉर्मिका फुस्का या मुंगीला साखरेच्या द्रावणाचे आमिष देऊन अवघ्या तीन प्रयत्नांत कर्कपेशींचा वास शिकवला, आणि पुढच्या वर्षी मानवी स्तनाच्या गाठीचे रोपण केलेल्या उंदरांच्या लघवीचा वास या मुंग्या निरोगी उंदरांच्या लघवीपासून वेगळा ओळखतात असे दाखवले. मात्र रुग्णालयात लागणारे निदान आणि प्रयोगशाळेतील भेद यांत मोठे अंतर आहे. रुग्णाचे वय, आहार, तंबाखू, औषधे आणि इतर आजार यांपैकी प्रत्येक गोष्ट गंध बदलते. शिवाय ४१ टक्के अचूकता योगायोगापेक्षा कितीही सरस असली तरी तिच्या आधारे कोणाही वैद्याला रुग्णाला धीर देता येणार नाही. या कामाचा खरा लाभ वेगळाच आहे. ओळखण्याजोगा रासायनिक भेद अस्तित्वात आहे हे प्राण्यांनी सिद्ध केले, आणि आता तो भेद नेमका कोणत्या रेणूंत आहे हे वायुवर्णलेखन व वस्तुमान वर्णपटमापन या पद्धतींनी, म्हणजे मिश्रणातील रेणू वेगळे करून त्यांचे वस्तुमान मोजणाऱ्या उपकरणांनी, शोधणे रसायनशास्त्रज्ञांचे काम आहे.

प्राणिवर्तन आणि कर्करोग यांचा सर्वांत भीषण संबंध टास्मानियात पाहावयास मिळतो. कर्करोग सहसा एका शरीरातून दुसऱ्यात जात नाही, कारण परक्या शरीराच्या पेशी टी-पेशी ओळखून नष्ट करतात. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील या बेटावरील टास्मानियन डेव्हिल या मांसभक्षक शिशुधानी प्राण्यांत मात्र १९९६ मध्ये तोंडावर मोठमोठ्या गाठी येण्याचा रोग प्रथम आढळला, आणि या गाठी एकाच, पूर्वीच मरून गेलेल्या डेव्हिल मादीच्या पेशींपासून झालेल्या असून चाव्यावाटे एका प्राण्यातून दुसऱ्यात सरळ रुजतात, असे २००६ नंतरच्या संशोधनाने सिद्ध झाले. अन्नावरून आणि विणीच्या हंगामात डेव्हिल एकमेकांच्या तोंडाला कडाडून चावतात. ज्यांच्या अंगावर चाव्यांच्या खुणा अधिक त्यांना रोग अधिक होत असेल, असे कोणालाही वाटेल; परंतु रॉड्रिगो हामेडे आणि सहकाऱ्यांना क्षेत्रनिरीक्षणात याच्या उलट आढळले. कमी खुणा असलेले, म्हणजे चावा घेणारे आक्रमक प्राणी अधिक प्रमाणात रोगी होत होते, कारण ते दुसऱ्याच्या गाठीत दात रुतवत होते. ज्या भागांत रोग पसरला तिथे डेव्हिलांची संख्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत घटली. २०१४ मध्ये बेटाच्या आग्नेय भागात अशाच प्रकारचा, पण स्वतंत्रपणे उगम पावलेला दुसरा संसर्गजन्य कर्करोगही सापडला.

या परक्या पेशी शरीराने ओळखल्या का नाहीत, याचे उत्तर मानवी कर्करोगासाठीही महत्त्वाचे ठरले. बहुतेक सर्व पेशी आपल्या आतील प्रथिनांचे तुकडे एमएचसी नावाच्या रेणूंवर ठेवून पृष्ठभागावर मांडतात आणि टी-पेशी ते तुकडे तपासून पेशी आपली आहे की परकी, निरोगी आहे की रोगट, हे ठरवतात. पहिल्या डेव्हिल-कर्करोगाच्या पेशींनी हे रेणू पृष्ठभागावर आणणेच बंद केलेले असते. २०१३ मध्ये स्पष्ट झाले की संबंधित जनुके शाबूत आहेत, ती फक्त मिटवून ठेवलेली आहेत, आणि इंटरफेरॉन-गॅमा या प्रतिकार-संदेशक प्रथिनाने ती पुन्हा चालू करता येतात. त्यानंतर एमएचसी चालू केलेल्या कर्कपेशी टोचून केलेल्या उपचाराने काही डेव्हिलांच्या गाठी मागे हटल्या. मानवातील अनेक गाठीही हीच युक्ती वापरतात, आणि रोगप्रतिकारक उपचार काही रुग्णांत का चालत नाहीत याचे एक मुख्य कारण त्यात आहे.

रसायनशास्त्रात हाच प्रश्न अभिक्रियेच्या निवडकतेचा म्हणून पुढे येतो. जिवंत पेशीत पाणी, शर्करा, मेदाम्ले आणि हजारो प्रथिने यांची दाटी असते, आणि प्रयोगशाळेच्या चंचुपात्रात उत्तम चालणाऱ्या बहुतेक अभिक्रिया या दाटीत भलत्याच रेणूंशी घडून पेशीला मारून टाकतात. बॅरी शार्पलेस यांनी २००१ मध्ये क्लिक रसायनशास्त्राची कल्पना मांडली, ती अशी की थोड्याच, पण अत्यंत खात्रीच्या आणि निवडक अभिक्रिया वापरून रेणू एकमेकांस जोडावेत. २००२ मध्ये शार्पलेस आणि डेन्मार्कमधील मॉर्टेन मेल्डाल यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवले की तीन नायट्रोजन-अणूंचा ॲझाइड गट आणि तिहेरी बंध असलेला अल्काइन गट तांब्याच्या उत्प्रेरकाच्या सान्निध्यात झटकन आणि केवळ एकमेकांशीच जोडले जातात. पण तांबे पेशींना विषारी. कॅरोलिन बर्टोझी यांनी २००४ मध्ये हा अडसर दूर केला. तिहेरी बंध आठ अणूंच्या कड्यात कोंडला की कड्याला पडणाऱ्या ताणामुळे तो ॲझाइडशी तांब्याविनाच संयोग पावतो, हे त्यांनी जिवंत पेशींवर सिद्ध केले. पेशीला ॲझाइड चिकटवलेली शर्करा खाऊ घातली की ती शर्करा पेशीच्या पृष्ठभागावरील कर्बोदकांत जाऊन बसते आणि मग तिच्यावर चमकणारा रंगरेणू नेमका जोडता येतो. या तिघांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या पद्धतीने पेशींच्या पृष्ठभागावरील शर्करांचे जे नकाशे तयार झाले त्यांतून कर्करोगाविषयी एक नवी गोष्ट स्पष्ट झाली. अनेक कर्कपेशींवर सियालिक आम्ल नावाच्या शर्करेचे दाट आवरण असते आणि रोगप्रतिकारक पेशींवरील काही ग्राही रेणू त्या आवरणाला स्पर्श होताच हल्ला थांबवण्याचा संदेश देतात. बर्टोझी यांच्या गटाने सियालिक आम्ल कापणारे विकर, म्हणजे विशिष्ट अभिक्रिया घडवणारे प्रथिन, कर्कपेशी ओळखणाऱ्या प्रतिपिंडाला जोडले आणि ते आवरण कर्कपेशीवरूनच उतरवण्याचा मार्ग दाखवला. रुग्णाच्या गाठीपाशीच क्लिक अभिक्रियेने औषध मोकळे करण्याच्या चाचण्याही माणसांवर सुरू झाल्या आहेत, पण त्यांचा निर्णायक निकाल अजून आलेला नाही.

निवडकतेचे महत्त्व सर्वांत स्पष्टपणे कळते ते कॅम्प्टोथेसिन या संयुगाच्या इतिहासातून, आणि या इतिहासाचे दोन धागे महाराष्ट्राशी जोडलेले आहेत. नंदुरबार येथे १९२५ मध्ये जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले मनसुख वाणी यांनी अमेरिकेत मन्रो वॉल यांच्याबरोबर १९६६ मध्ये एका चिनी वृक्षापासून हे संयुग वेगळे केले. याच जोडीने पुढे १९७१ मध्ये टॅक्सॉल या कर्करोगविरोधी संयुगाची रचना प्रसिद्ध केली. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तेच कॅम्प्टोथेसिन सह्याद्रीतील नरक्या या लहान वृक्षात बरेच अधिक प्रमाणात असल्याचे दाखवले, आणि त्यानंतर सातारा, कोल्हापूर, सिंधुदुर्ग या भागांतील जंगलांतून नरक्याची जी बेकायदा तोड सुरू झाली तिने ही जात संकटात आणली. औषधाच्या शोधाची किंमत जंगलाने अशी चुकवावी, हे कोणत्याही दृष्टीने समर्थनीय नाही, आणि लागवडीचे प्रयत्न फार उशिरा सुरू झाले हेही नमूद केले पाहिजे.

कॅम्प्टोथेसिनची मारक शक्ती जबर होती. विभाजनाच्या वेळी डीएनएचा पीळ सैल करणाऱ्या टोपोआयसोमरेज-१ या विकराला ते डीएनएवरच अडकवून ठेवते आणि पेशी मरते, असे १९८५ मध्ये कळले. त्याच्याही आधी, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, रुग्णांवरील चाचण्या थांबवाव्या लागल्या होत्या, कारण औषध मूत्राशयाला आणि अस्थिमज्जेला गंभीर इजा करत होते. त्यापासून बनवलेली इरिनोटेकॅन आणि टोपोटेकॅन ही सौम्य रूपे १९९६ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. तीही निरोगी आणि रोगट पेशी यांत फारसा भेद करत नाहीत. रेणूत सुधारणा करून जे साधले नाही ते त्याला वाहक देऊन साधले. ट्रॅस्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन या औषधात कर्कपेशीवरील हर-२ या प्रथिनाला चिकटणारा प्रतिपिंड आहे, त्याला कॅम्प्टोथेसिनच्या घराण्यातील विषाचे सुमारे आठ रेणू जोडलेले आहेत, आणि दोहोंमधील दुवा असा रचलेला आहे की तो रक्तात टिकतो, पण पेशीच्या आत गेल्यावर तिथल्या विकरांनी तुटतो. मोकळे झालेले विष पेशीपटलातून पार होऊ शकत असल्यामुळे ते शेजारच्या, हर-२ नसलेल्या कर्कपेशींनाही मारते. ज्यांच्या गाठींत हर-२ अत्यल्प असल्याने पूर्वीची हर-२ विरोधी औषधे निरुपयोगी ठरत होती अशा स्तनकर्करोगाच्या रुग्णांवरील चाचणीचे निकाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. रोग न वाढता जाणारा मध्यक काळ ५.१ महिन्यांवरून ९.९ महिन्यांवर आणि एकूण आयुर्मान १६.८ वरून २३.४ महिन्यांवर गेले. त्याच चाचणीत सुमारे १२ टक्के रुग्णांच्या फुप्फुसांना औषधजन्य दाह झाला आणि काही थोडे त्यात दगावले, ही दुसरी बाजूही तितक्याच ठळकपणे सांगितली गेली पाहिजे.

हर-२ या एकाच खुणेची दुसरी कथा टी-पेशींच्या उपचारात आहे. कार-टी उपचारपद्धतीत रुग्णाच्या रक्तातील टी-पेशी काढून त्यांत एका कृत्रिम ग्राहीचे जनुक घालतात. त्यामुळे त्या पेशी एमएचसीवर अवलंबून न राहता कर्कपेशीच्या पृष्ठभागावरील ठरावीक खूण थेट ओळखू लागतात. बी-पेशींच्या रक्तकर्करोगात ही खूण सीडी-१९ असते. ती निरोगी बी-पेशींवरही असते, म्हणून उपचारात त्याही नष्ट होतात, परंतु बी-पेशींविना माणूस काही काळ जगू शकतो आणि बाहेरून प्रतिपिंड देऊन ती उणीव भरता येते. हा योग फार थोड्या कर्करोगांत जुळून येतो. अमेरिकेत हर-२ ओळखणाऱ्या अशा टी-पेशी दिलेल्या एका रुग्णाचा काही दिवसांतच मृत्यू झाला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार, त्या पेशींनी फुप्फुसाच्या अस्तरावरील अत्यल्प हर-२ ओळखले असावे. प्रतिपिंडाला क्षम्य असलेली चूक टी-पेशीला क्षम्य नसते, कारण टी-पेशी शरीरात वाढत जाते आणि मारण्यासाठी तिला लक्ष्याचे थोडेसेच रेणू पुरतात.

अमेरिकेत पहिल्या कार-टी उपचाराला २०१७ मध्ये मान्यता मिळाली, पण त्याचा खर्च काही कोटी रुपयांच्या घरात असल्यामुळे तो भारतीय रुग्णांच्या कल्पनेपलीकडचाच राहिला. मुंबईच्या आयआयटीत राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत विकसित झालेला आणि टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या सहकार्याने चाचण्या झालेला नेक्सकार-१९ हा उपचार ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्य झाला आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. परदेशी उपचाराच्या सुमारे एक दशांश किमतीत तो उपलब्ध झाला, आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांनुसार मूल्यमापन करता आलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांनी उपचाराला प्रतिसाद दिला. तीस-चाळीस लाख रुपये ही त्याची किंमतदेखील बहुसंख्य कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचीच आहे. तरीही हे तंत्र इथल्या प्रयोगशाळेत घडू शकते, हे सिद्ध होण्याचे मोल मोठे आहे. उपचारानंतर रोग उलटलेल्या काही रुग्णांत कर्कपेशींनी सीडी-१९ ही खूणच टाकून दिलेली आढळते. टास्मानियातील पेशींनी एमएचसी मिटवले तोच हा प्रकार, निराळ्या रेणूच्या बाबतीत.

घन गाठींतील सर्व कर्कपेशींवर आढळेल अशी एक खूण क्वचितच सापडते. चीनमध्ये जठराच्या कर्करोगातील क्लॉडिन-१८.२ या प्रथिनाविरुद्ध कार-टी पेशी वापरून झालेल्या, घन गाठींतील पहिल्या यादृच्छिक तुलनात्मक चाचणीत रोग न वाढता जाणारा मध्यक काळ १.७७ महिन्यांवरून ३.२५ महिन्यांवर गेला, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. वाढ खरी आहे आणि अल्पही आहे. दोन खुणा एकाच वेळी दिसल्या तरच जागृत होणाऱ्या टी-पेशी रचण्याचे काम म्हणूनच अधिक आशादायक वाटते, जरी ते अद्याप मुख्यतः प्रयोगशाळेत आहे.

ओळखलेल्या पेशीवर हल्ला करायचा की नाही, हे शरीर स्वतंत्रपणे ठरवते. शिमोन साकागुची, मेरी ब्रुंकाव्ह आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते थायमसमधून निसटलेल्या, स्वतःवर उठणाऱ्या टी-पेशींना शरीरभर आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशींच्या शोधासाठी. अशा नियामक पेशी गाठीत जमल्या की कर्करोगालाच संरक्षण मिळते. टी-पेशींवरील पीडी-१ हा ग्राहीही असाच लगाम आहे, आणि तो सैल करणारी निवोलुमॅबसारखी औषधे गेल्या दशकात अनेक कर्करोगांत वापरात आली. निवोलुमॅबचा नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम आहे, परंतु पीडी-१ रेणू त्याहून पुष्कळ कमी औषधाने व्यापले जातात. या ज्ञानाचा आधार घेऊन टाटा मेमोरियल रुग्णालयातील विजय पाटील, कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी डोके व मानेच्या वाढलेल्या कर्करोगात, म्हणजे भारतात तंबाखूमुळे सर्रास आढळणाऱ्या रोगात, दर तीन आठवड्यांना केवळ २० मिलिग्रॅम निवोलुमॅब स्वस्त, कमी मात्रेच्या तोंडी रसायनोपचाराबरोबर दिले. एक वर्ष जगणाऱ्या रुग्णांचे प्रमाण रसायनोपचारच घेतलेल्या गटात १६.३ टक्के होते, ते निवोलुमॅब जोडलेल्या गटात ४३.४ टक्के झाले. या चाचणीत पूर्ण डोसशी थेट तुलना नव्हती, त्यामुळे अल्प डोस पूर्ण डोसइतकाच गुणकारी आहे असे तिने सिद्ध झालेले नाही. परंतु ज्यांना पूर्ण डोस कधीच परवडणार नाही त्यांच्यासाठी खरी तुलना काहीच न मिळण्याशी आहे, आणि त्या तुलनेत हा निकाल या आढाव्यातील सर्वांत मोलाच्या निकालांपैकी एक ठरतो. डोस दहा पटींहून कमी करणारी चाचणी करण्यात औषध विकणाऱ्या कंपनीला रस असण्याचे कारण नाही. फुप्फुस, मूत्रपिंड आणि अन्य अवयवांच्या कर्करोगांत किती औषधाने टी-पेशींचा लगाम पुरेसा सैल होतो, हे अल्प आणि पूर्ण डोसची थेट तुलना करून ठरवण्याचे काम त्यामुळे सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या रुग्णालयांकडे येते, आणि अशा चाचण्यांसाठी सरकारी निधी राखून ठेवला जाण्याची नितांत गरज आहे.